जांभूळ, कोकम, बीटच्या रंगापासून वीज तयार होते का? वनस्पतींच्या रंगावर चालणाऱ्या सोलर सेलची पूर्ण माहिती

जांभळाचा रस काचेवर लावला, ती काच उन्हात धरली आणि मीटरचा काटा हलला. असा एखादा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. खाली कमेंट्सचे दोन गट असतात. एक म्हणतो, "हे तंत्रज्ञान मोठ्या कंपन्यांनी दाबून ठेवलंय." दुसरा म्हणतो, "सगळं फेक आहे."

खरं तर दोन्ही गट चुकतात. फळाफुलांच्या रंगापासून वीज तयार होते, हे प्रयोगशाळेत अनेकदा सिद्ध झालेलं आहे. त्यामागचं तंत्रज्ञान लपवलेलंही नाही, त्यावर गेली तीसहून अधिक वर्षं उघडपणे संशोधन चालू आहे. पण त्या विजेवर घराचं बिल शून्य होईल का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर आकड्यांत द्यावं लागतं. तेच या लेखात पाहू.

हा सोलर सेल नेमका कोणता?

आपल्या छतावर दिसतात ती पॅनल्स सिलिकॉनची असतात. त्यात सिलिकॉनच प्रकाश शोषतो आणि सिलिकॉनच वीज वाहून नेतो. एकाच पदार्थाकडे दोन्ही कामं असल्यामुळे तो अतिशय शुद्ध असावा लागतो आणि तो तयार करायला बरीच ऊर्जा लागते.

आपण ज्याबद्दल बोलतोय तो 'डाय-सेन्सिटाइज्ड सोलर सेल', म्हणजे रंगद्रव्याच्या मदतीने चालणारा सौरघट. सोयीसाठी त्याला आपण 'डाय सेल' म्हणू. यात कामांची वाटणी केलेली असते. प्रकाश शोषायचं काम रंगाचं आणि वीज वाहून न्यायचं काम टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या पावडरीचं. ही पावडर काही दुर्मीळ नाही. भिंतीच्या पांढऱ्या रंगात आणि सनस्क्रीनमध्येही तीच असते.

मग ही पावडर एकटीच का चालत नाही? कारण ती पांढरी आहे. एखादी वस्तू पांढरी दिसते, म्हणजे ती डोळ्यांना दिसणारा प्रकाश शोषत नाही, परत पाठवते. टायटॅनियम डायऑक्साइड फक्त अतिनील किरण शोषतो आणि सूर्याच्या ऊर्जेत त्यांचा वाटा जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास असतो. उरलेल्या प्रकाशाचा उपयोग करायचा तर त्या पावडरीला रंग चढवावा लागतो.

ही कल्पना आली कुठून?

याचं मूळ फोटोग्राफीत आहे. सुरुवातीच्या काळातल्या फोटोच्या काचांना निळा प्रकाश कळायचा, हिरवा जवळपास कळायचाच नाही. १८७३ मध्ये जर्मनीतले हर्मान फोगेल यांच्या लक्षात आलं, की त्या लेपात विशिष्ट रंग मिसळला तर काच हिरव्या प्रकाशालाही प्रतिसाद देते. जो प्रकाश मूळ पदार्थाला पकडता येत नाही, तो रंग पकडतो आणि ऊर्जा पुढे देतो, हे तत्त्व तेव्हापासून माहीत झालं.

१९६० च्या दशकाच्या शेवटी आणि १९७० च्या सुरुवातीला हेल्मुट ट्रिबुच आणि इतर शास्त्रज्ञांनी झिंक ऑक्साइडवर रंग आणि हरितद्रव्य लावून वीज मिळवून दाखवली. पण ती फारच कमी होती. गुळगुळीत पृष्ठभागावर रंगाचा एकच थर नीट बसतो आणि एका थरात प्रकाश फारसा अडत नाही. थर जाड केला, तर वरच्या रेणूंची वीज खालपर्यंत पोहोचत नाही.

ही कोंडी १९९१ मध्ये फुटली. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे ब्रायन ओ'रीगन आणि मिखाएल ग्रेट्झेल यांनी सपाट पृष्ठभागाऐवजी टायटॅनियम डायऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांचा थर वापरला. हा थर असतो जेमतेम १० मायक्रोमीटर जाड, म्हणजे केसापेक्षाही पातळ. पण तो आतून स्पंजसारखा सच्छिद्र असतो, त्यामुळे रंगाला चिकटायला शेकडो पट जास्त जागा मिळते. प्रत्येक कणावर रंगाचा एकच थर, पण असे असंख्य कण. त्यांच्या सेलची कार्यक्षमता ७.१ ते ७.९ टक्के भरली. तेव्हापासून या सेलला 'ग्रेट्झेल सेल' असंही म्हणतात. या कामासाठी ग्रेट्झेल यांना २०१० मध्ये फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला.

त्यांनी वापरलेला रंग मात्र झाडाचा नव्हता. तो रुथेनियम या दुर्मीळ आणि महाग धातूपासून बनवलेला होता. तिथूनच पुढचा प्रश्न आला: रुथेनियमऐवजी फळाफुलांचा रंग चालेल का?

सेलच्या आत काय घडतं?

डाय सेल म्हणजे दोन काचांमधलं सँडविच समजा. दोन्ही काचांच्या आतल्या बाजूला वीज वाहून नेणारा पारदर्शक लेप असतो. एका काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचा रंगवलेला थर, दुसऱ्या काचेवर प्लॅटिनम किंवा कार्बन आणि मध्ये आयोडीनयुक्त द्रव.

प्रकाश पडला की चार गोष्टी घडतात:

१. रंगाचा रेणू प्रकाश शोषतो आणि त्याचा एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो.

२. तो इलेक्ट्रॉन लगेच टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये उडी मारतो. ब्लॅकबेरीच्या रंगावर केलेल्या मोजणीत या उडीला १०० फेमटोसेकंदांपेक्षाही कमी वेळ लागल्याचं दिसलं. एक फेमटोसेकंद म्हणजे एका सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग.

३. इलेक्ट्रॉन पावडरीच्या थरातून काचेत आणि तिथून बाहेरच्या वायरमध्ये जातो. हीच आपली वीज.

४. इकडे रंगाच्या रेणूत एक इलेक्ट्रॉन कमी झालेला असतो. तो मधल्या द्रवातलं आयोडाइड भरून देतं. बाहेरून फिरून आलेला इलेक्ट्रॉन दुसऱ्या काचेवरून द्रवात परत येतो आणि चक्र पूर्ण होतं.

या सगळ्यात रंग खर्च होत नाही. तो प्रत्येक फेरीनंतर पुन्हा पहिल्यासारखा होतो, निदान तशी अपेक्षा असते. ही अपेक्षा नैसर्गिक रंग कितपत पूर्ण करतात, ते पुढे येईलच.

कोणता रंग चालतो, कोणता नाही?

रंग गडद असला म्हणजे झालं, असं नाही. त्या रेणूला टायटॅनियम डायऑक्साइडला घट्ट धरून ठेवणारे 'हात' असावे लागतात. रसायनशास्त्रात हे हात म्हणजे कार्बोक्सिल किंवा हायड्रॉक्सिल गट. हात नसले, तर रंग कणाला नीट चिकटत नाही आणि इलेक्ट्रॉन द्यायच्या आधीच त्याची ऊर्जा वाया जाते.

याचं सर्वांत सोपं उदाहरण केशराचं आहे. केशरात क्रोसिन नावाचं रंगद्रव्य असतं. त्याला जोडलेली साखर काढली की उरतं ते क्रोसेटिन. दोघांचा रंग जवळपास सारखाच. पण २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात क्रोसेटिनच्या सेलची कार्यक्षमता ०.५६ टक्के आली आणि क्रोसिनची फक्त ०.१६ टक्के. कारण क्रोसेटिनचे कार्बोक्सिल हात मोकळे असतात, तर क्रोसिनमध्ये ते साखरेने अडवलेले असतात. आपल्या पारिजातकाच्या केशरी देठात याच कुळातली रंगद्रव्यं असतात.

नैसर्गिक रंगांचे मुख्य चार गट पाहू.

*अँथोसायनिन.* जांभूळ, कोकम, काळा तांदूळ, वांग्याची साल, लाल अंबाडी, गोकर्ण यांचा लाल-जांभळा-निळा रंग या गटातला. यातल्या अनेक रेणूंना शेजारी-शेजारी हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते टायटॅनियमला पकडतात. जांभळा रस पांढऱ्या थरावर टाकला की तो नुसता वर बसत नाही, रासायनिक बंध तयार करतो. म्हणूनच नंतर पाण्याने धुतला तरी तो निघून जात नाही.

*बेटालेन.* बीट, बोगनवेल आणि निवडुंगाच्या फळाचा रंग. यात कार्बोक्सिल गट तयारच असतात, त्यामुळे नैसर्गिक रंगांत याची कामगिरी चांगली मानली जाते.

*कॅरोटिनॉइड.* केशर, गाजर आणि शेंद्रीच्या बिया यांतला पिवळा-केशरी रंग. गाजरातल्या बीटा कॅरोटीनला चिकटायला हातच नसतात. शेंद्रीतल्या बिक्सिनला मात्र असतात.

*हरितद्रव्य.* म्हणजे क्लोरोफिल. पानातला हिरवा रंग जसाच्या तसा नीट चिकटत नाही, पण त्यात थोडा रासायनिक बदल केला किंवा समुद्री शेवाळातला वेगळा प्रकार घेतला, तर निकाल बराच सुधारतो.

आकडे काय सांगतात?

कार्यक्षमता म्हणजे पडलेल्या सूर्यप्रकाशातला किती टक्के भाग विजेत बदलला, ते. प्रसिद्ध झालेल्या संशोधनातले काही निकाल असे:

- गोकर्णाचं निळं फूल: ०.०५ टक्के
- लाल अंबाडी: ०.३७ टक्के
- शेंद्रीतलं बिक्सिन: ०.५३ टक्के
- ब्लॅकबेरी: ०.५६ टक्के
- बीटसारख्या लाल कंदातलं बेटालेन, इटलीतल्या मेसिना इथला प्रयोग: १.७ टक्के
- हरितद्रव्यापासून बनवलेला तांबेयुक्त रंग, ग्रेट्झेल यांच्या गटाचा १९९३ चा प्रयोग: २.६ टक्के
- समुद्री शेवाळातलं क्लोरोफिल सी, जपानमधला प्रयोग: सुमारे ४.६ टक्के

आता तुलना करा. कृत्रिम रंग वापरलेल्या डाय सेलने २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १५.२ टक्के गाठले. बाजारात मिळणारं सिलिकॉन पॅनल साधारण २० टक्क्यांच्या पुढे असतं.

गोकर्ण आणि अंबाडीचा प्रयोग थायलंडमध्ये झाला होता आणि त्यात एक गमतीदार गोष्ट दिसली. दोन्ही रंग एकत्र केले तर जास्त प्रकाश शोषला जाईल आणि वीज वाढेल, असं कोणालाही वाटेल. पण मिश्रणाची कार्यक्षमता ०.१५ टक्केच आली, म्हणजे एकट्या अंबाडीपेक्षा कमी. गोकर्णातले रेणू आकाराने मोठे आणि अवजड असतात. ते जागा अडवतात, पण इलेक्ट्रॉन फारसे देत नाहीत. 'सगळे रंग मिसळा, जास्त वीज मिळेल' हा सल्ला म्हणूनच चुकीचा आहे.

भारतातही यावर काम झालं आहे. आयआयटी रुडकीच्या संशोधकांनी जांभळाच्या रंगद्रव्यावर डाय सेल बनवले आणि २०१७ मध्ये त्याच्या बातम्या देशभर आल्या. चीनमधल्या २००६ च्या एका अभ्यासात काळा तांदूळ, मिरची, समुद्री शेवाळ आणि पांगाऱ्याची फुलं यांची तुलना झाली. त्यात काळा तांदूळ पहिला आला.

मग घर चालेल का? हिशेब करून पाहू

दुपारच्या कडक उन्हात एका चौरस मीटरवर साधारण १,००० वॉट इतकी सूर्याची ऊर्जा पडते. त्यातून मिळणारी वीज अशी:

- फळाच्या रंगाचा सेल, ०.५ टक्के: ५ वॉट
- बेटालेनचा चांगला सेल, १.७ टक्के: १७ वॉट
- सिलिकॉन पॅनल, २० टक्के: २०० वॉट

म्हणजे १० वॉटने एक मोबाइल चार्ज करायचा, तर ०.५ टक्केवाला सेल २ चौरस मीटर लागेल, तोही भर दुपारी. छतावर एक किलोवॉट बसवायचं म्हटलं तर सिलिकॉनला सुमारे ५ चौरस मीटर जागा पुरते. फळाच्या रंगाला लागेल २०० चौरस मीटर, म्हणजे दोन हजार चौरस फुटांपेक्षा जास्त. इतकी मोठी गच्ची फार थोड्या घरांना असते.

"पण रंग फुकट मिळतो ना?" हा पुढचा प्रश्न. फुकट मिळतो, पण रंग हा खर्चाचा छोटा भाग आहे. एका चौरस मीटरला रंग लागतो तो काही ग्रॅमच्या हिशेबात. मोठा खर्च असतो वीजवाहक काचेचा, सीलबंद करण्याचा आणि जोडणीचा. स्वस्त रंगामुळे दसपट किंवा चाळीसपट काच लागणार असेल, तर वीज स्वस्त पडत नाही, उलट महाग पडते.

खरी अडचण: टिकाऊपणा

कार्यक्षमतेपेक्षाही मोठा अडसर हा आहे. छतावरचा सेल २० वर्षं टिकवायचा असेल, तर रंगाच्या प्रत्येक रेणूला इलेक्ट्रॉन देण्याघेण्याची फेरी सुमारे दहा कोटी वेळा करावी लागते. रुथेनियमचे रंग या कसोटीच्या जवळ जातात म्हणून तर इतकी वर्षं टिकले.

फळाचा रंग निसर्गाने या कामासाठी बनवलेलाच नाही. पक्ष्यांना फळ दिसावं आणि कीटक फुलाकडे यावेत, इतकंच त्याचं काम. उन्हात वाळत घातलेला रंगीत कपडा फिका पडतो, तसाच हा रंगही अतिनील किरण, उष्णता आणि ऑक्सिजन यांमुळे मोडतो. अशा सेलची वीज काही दिवसांत किंवा आठवड्यांत घसरू लागते.

"पण झाडाचं पान तर वर्षानुवर्षं ऊन झेलतं," असं तुम्ही म्हणाल. झाड रंग टिकवत नाही, ते खराब झालेला रंग सतत नव्याने बनवत राहतं. आपल्या सेलमध्ये ती दुरुस्तीची सोय नाही.

मग या संशोधनाचा उपयोग काय?

उपयोग आहे, पण तो छतावर नाही.

पहिला उपयोग शिकण्याचा. रुथेनियमचा रंग शाळेच्या प्रयोगशाळेला परवडत नाही, जांभूळ परवडतं. प्रकाश, इलेक्ट्रॉन, नॅनो कण आणि प्रकाशसंश्लेषण या चारही गोष्टी एका तासात हाताने करून समजतात. १९९८ मध्ये ग्रेग स्मेस्टॅड आणि ग्रेट्झेल यांनी खास विद्यार्थ्यांसाठी ही कृती प्रसिद्ध केली आणि ती आज जगभर वापरली जाते.

दुसरा उपयोग दिशा शोधण्याचा. कोणत्या आकाराचा रेणू चांगला चिकटतो, साखर जोडलेली असली की काय होतं, हे नैसर्गिक रंगांतून कळतं. त्यावरून धातूविरहित नवे रंग बनवता येतात.

तिसरी गोष्ट डाय सेलच्या कुटुंबाची. २००९ मध्ये जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने डाय सेलमध्ये रंगाच्या जागी पेरोव्हस्काइट नावाचा पदार्थ वापरला. तेव्हा कार्यक्षमता होती ३.८ टक्के. आज पेरोव्हस्काइट सेल प्रयोगशाळेत २५ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. त्यांची सुरुवात डाय सेलच्या पोटातच झाली.

आणि डाय सेल स्वतः बाजारातही आहेत, फक्त कृत्रिम रंगांचे. घरातल्या मंद प्रकाशात ते चांगलं काम करतात. २०२२ च्या त्याच प्रयोगात खोलीतल्या प्रकाशावर त्यांची कार्यक्षमता २८ ते ३० टक्के मोजली गेली. स्वीडनच्या एक्सेजर कंपनीचे असे सेल हेडफोनच्या पट्टीवर बसवून विकले जातात. लोझानच्या स्विसटेक कन्व्हेन्शन सेंटरच्या दर्शनी भागात रंगीत डाय सेलच्या काचा आहेत.

प्रयोग करून पाहायचा असेल तर

हा प्रयोग शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिक्षकांसोबत करा. थर भाजायला ४५० अंश सेल्सिअस तापमान लागतं आणि घरचा ओव्हन तिथवर जात नाही. आयोडीनचे डाग पडतात आणि ते डोळ्यांना घातक असतं, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच.

१. एफटीओ प्रकारची वीजवाहक काच घ्या. तिची कोणती बाजू वीज वाहते, ते मल्टिमीटरने तपासा.

२. टायटॅनियम डायऑक्साइडची नॅनो पावडर पातळ अ‍ॅसेटिक आम्लात घोटून लापशीसारखी करा. काचेच्या कडांना टेप लावून मधल्या भागावर काचेच्या कांडीने एकसारखा पातळ थर ओढा.

३. टेप काढून ४५० अंशांवर अर्धा तास भाजा. थर आधी तपकिरी होतो, मग पुन्हा पांढरा. मग काच हळूहळू गार होऊ द्या, नाहीतर तडकते.

४. ताजी जांभळं किंवा कोकमाची साल थोड्या पाण्यात कुस्करून गाळून घ्या. साखर घातलेलं सरबत किंवा मीठ घातलेलं आगळ नको. काच त्यात दहा मिनिटं बुडवा, थर पूर्ण रंगला पाहिजे. मग पाण्याने आणि अल्कोहोलने धुऊन वाळवा.

५. दुसऱ्या काचेच्या वीजवाहक बाजूवर मऊ पेन्सिलचं ग्राफाइट घासा किंवा मेणबत्तीची काजळी धरा.

६. दोन्ही काचा थोड्या सरकवून समोरासमोर ठेवा, बाइंडर क्लिप लावा आणि फटीत आयोडाइडच्या द्रावणाचे दोन थेंब सोडा.

७. उन्हात मल्टिमीटर लावा. ०.३ ते ०.५ व्होल्ट आणि दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ मिलिअँपिअर मिळाला, तर तुमचा सेल उत्तम झाला.

व्हायरल व्हिडिओ खरा की खोटा, कसं ओळखाल?

*सावली करून पाहिली का?* सेलवर हात धरला की वीज लगेच पडली पाहिजे. सावलीतही तेवढीच वीज येत असेल, तर ती सोलर नाही. लिंबात तांब्याची तार आणि जस्ताचा खिळा खोचला की वीज येते, तसाच तो प्रकार. ती ऊर्जा उन्हातून येत नाही, जस्त झिजून येते.

*किती सेल आहेत?* लाल एलईडी पेटायला साधारण १.८ व्होल्ट लागतात. एका सेलचे ०.४ व्होल्ट धरले तर निदान पाच सेल एकामागे एक जोडावे लागतात. एकाच सेलवर एलईडी झगझगीत पेटलेला दिसला, तर शंका घ्या.

*किती दिवसांनी मोजलं?* पहिल्या दिवसाचा आकडा सगळेच दाखवतात. महिन्यानंतरचा विचारा.

*विकायला आहे का?* 'नैसर्गिक रंगाचं सोलर पॅनल' म्हणून कोणी छतासाठी विकत असेल, तर प्रति चौरस मीटर किती वॉट आणि किती वर्षांची लेखी हमी, हे दोन प्रश्न विचारा. आजच्या घडीला घर चालवू शकेल असं फळाच्या रंगाचं पॅनल कोणीही बनवलेलं नाही.

थोडक्यात

जांभळाच्या रंगापासून वीज तयार होते, हे खरं. ती साधारण अर्धा ते दीड टक्का कार्यक्षमतेने तयार होते आणि फार दिवस टिकत नाही, हेही तितकंच खरं. छतावर आज सिलिकॉनच लावा. पण जून महिन्यात मुलांसोबत हा प्रयोग नक्की करून पाहा. ज्या जांभळाने शर्ट खराब झाला म्हणून ओरडा खाल्ला, त्याच डागाने मीटरचा काटा हलतो, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या.